श्रीपतीभाऊंचं कोरं बोट

निवडणुकीला माणसं कशासाठी उभी राहतात याची कारणं मी जन्मभर ऐकत आले आहे. कोणाला रस्ते करायचे असतात, कोणाला गटारं, कोणाला नुसतं गाडीवर नाव लावून हिंडायचं असतं. पण आमच्या अंबरपेठच्या गल्लीतले श्रीपती हणमंते महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले ते मतं मागायला नाही, मत द्यायला. हे मी थट्टेने सांगत नाही. थट्टा पुढे करणारच आहे, तिला भरपूर जागा आहे.

मी चारुलता. जामबागच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. वर्ग दरवर्षी लहान होत गेला, पण हिचा आवाज मात्र तेवढाच राहिला, असं आमचे विकासराव म्हणतात. श्रीपतीभाऊ आणि भागूबाई खाली राहतात, आम्ही वर. मध्ये एक जिना आहे आणि त्या जिन्यावरून भाकरीचा वास आणि भागूबाईंचं बोलणं दोन्ही बिनतिकीट वर येतात. त्यामुळे त्या घरातलं मला काही माहीत नाही असं फारसं नाही.

श्रीपतीभाऊंचे वडील नांदेडकडून पोटासाठी हैदराबादला आले आणि काचीगुडा स्टेशनवर हमाली करत राहिले. त्यांना सगळे बाबा म्हणत. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण मतदानाचा दिवस म्हणजे त्यांचा सण. पहाटे अंघोळ करून, पांढरे धुतलेले कपडे घालून ते रांगेत पहिला नंबर लावत. आणि संध्याकाळी घरात त्यांचा एक कायदा चाले. जेवणाआधी प्रत्येकाने डाव्या हाताचं बोट पुढे करायचं. ज्याच्या बोटाला शाई, त्याने पानावर बसायचं. ज्याचं बोट कोरं, त्याने सगळ्यांना वाढायचं आणि आपण शेवटी जेवायचं. "बाबासायबानं राजाला आन् हमालाला एकच मत दिलं. ते ज्याला टाकायला जमलं न्हाई, त्यानं निदान वाढावं तरी," असं बाबा म्हणत. पोरासोरांना सूट होती. बाकी कोणालाही नव्हती.

आता या कायद्यात श्रीपतीभाऊ कसे सापडले ते ऐका. मत द्यायचं वय व्हायच्या आतच ते फौजेत भरती झाले. फौजेत ट्रक चालवायचे. डोंगरातून गाड्यांचा ताफा निघाला की सगळ्यात मागची गाडी श्रीपतीभाऊंची. मागची गाडी कोणालाही देत नाहीत. पुढचा कोणी अडकला, घसरला, मागे राहिला, तर त्याला उचलून आणायचं काम तिचं असतं. सगळे पोचले की मग ती पोचते, सगळ्यांचं जेवण झालं की तिचा ड्रायव्हर जेवतो. तिथून त्यांनी एकदा पोस्टाने मत पाठवलं होतं. सुट्टीवर आल्यावर मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं. बाबांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "शाई कुटंय?"

"पोस्टाच्या मताला शाई लागत नाही, बाबा."

"मग पुढल्या मताला वाढायला ये."

फौजेतून सुटल्यावर ते हैदराबादच्या पोलिसात लागले, ट्रॅफिकला. भागूबाईंना वाटलं, आता माणूस गावात आला, बोट रंगेल. कसलं काय! मतदानाच्या दिवशी पोलिसाला घरी कोण ठेवतो? हे कुठल्यातरी लांबच्या शाळेच्या दारात उभे राहून दुसऱ्यांच्या रांगा सरळ करत. संध्याकाळी खाकी उतरवून, हातपाय धुऊन यायचे आणि कोणी काही बोलायच्या आत भाताचं पातेलं उचलायचे. लग्न होऊन आलेली भागूबाई शाईचं बोट नाचवत नवऱ्याकडून वाढून घ्यायची. त्या अख्ख्या अंबरपेठेत नवऱ्याच्या हातचं गरम जेवण हक्काने मिळणारी ती एकटीच बाई असेल. पण तिलाही पुढे पुढे ते गोड लागेनासं झालं.

कारण बाबा म्हातारे झाले. शेवटच्या मतदानाला त्यांना रिक्षात घालून नेलं होतं. त्या संध्याकाळी श्रीपतीभाऊ वाढायला वाकले तेव्हा बाबांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "पुढल्या खेपेला बस माझ्या शेजारी." पुढल्या खेपेला बाबा नव्हते. श्रीपतीभाऊंनी हे मला जिन्यावर बसून सांगितलं तेव्हा ते रडले नाहीत, फक्त बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिले. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी त्यांच्यावरच खेकसले, की झाले ना आता निवृत्त, द्या ना मत, कोणी धरलंय तुम्हाला?

धरणारे होतेच! निवडणूक आली की बंदोबस्ताला माणसं कमी पडतात, मग निवृत्त पोलिसांना आणि फौजींना बोलावतात. सक्ती नसते. नाही म्हणता येतं. बरेच जण म्हणतात, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची सासू आजारी पडते. श्रीपतीभाऊ फौजीही होते आणि पोलीसही होते, म्हणजे दोन्ही यादीत पहिले. फोन आला की उभं राहून "यस सर" म्हणायचे आणि मग फोन खाली ठेवून भागूबाईंकडे बघायचे.

"नाही म्हणा की," मी म्हणाले.

"ड्युटीला नाही कसं म्हणू, चारुताई? जीभच वळत नाही."

"जिभेला काय धाड भरलीय?" आतून भागूबाई. "मला न्हाई म्हनताना तर बरी वळती!"

या खेपेला महापालिकेची निवडणूक लागायच्या आधीच ते पोलीस ठाण्यात गेले आणि इन्स्पेक्टरला विचारून आले, की साहेब, बंदोबस्ताला कोणाला लावता येत नाही? इन्स्पेक्टर चहा पीत होता, हसून म्हणाला, जो स्वतः निवडणुकीला उभा आहे त्याला. बिचाऱ्याने विनोद केला होता. पण ज्याने आयुष्यभर वरिष्ठांचं बोलणं हुकूम म्हणून ऐकलं त्याच्यापुढे विनोद करताना जरा जपून करावा. दुसऱ्या दिवशी श्रीपतीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि अपक्ष म्हणून अर्ज भरून आले.

गल्लीत हाहाकार झाला. त्यांचा मुलगा विकी माधापूरच्या एका कंपनीत जाहिरातींचं काम करतो, त्याला तर आकाश ठेंगणं झालं. बापाला मत द्यायचंय म्हणून बाप उभा राहतोय हे त्याला सांगून पाहिलं, पण ते त्याच्या डोक्यातच शिरेना.

"पप्पा, तुम्ही ब्रँड आहात ब्रँड! फौज आणि पोलीस, दोन्ही एकाच पॅकेटमध्ये! काकी, तुम्ही भाषण लिहा नं, मी रील बनवतो. पन जरा इंग्लिश अक्षरात लिहा हां, मराठी वाचायला मला लई टाइम लागतो."

मराठीच्या बाईला हे ऐकायला लागलं. मी गिळलं, पण पचलं नाही.

विकीने बापाची मुलाखत घ्यायला मोबाइल लावला. "सरहद पे कितने दुश्मन मारे, पप्पा?"

श्रीपतीभाऊंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दुश्मन काय दिसला नाही. एकदा बर्फात खेचर अडकलं होतं, ते बाहेर काढलं. लई लाथा मारल्या त्यानं."

"और पोलीस में? किसी गुंडे को पकडा?"

"गुंडा नाही. एका आमदाराची गाडी उलट्या बाजूनं आली होती, ती परत फिरवली."

"मग?"

"मग माझी बदली झाली."

यातून विकीने पोस्टर काढलं. श्रीपतीभाऊ एका रणगाड्यातून छातीपर्यंत बाहेर आलेले, मागे आग, डोक्यावर विमानं आणि खाली "सरहद से सिग्नल तक!" पोस्टर चौकात लागलं त्या संध्याकाळी श्रीपतीभाऊ स्वतः शिडी घेऊन गेले आणि ते उतरवून आले. ही गाडी मी चालवलेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मग विकीने रणगाड्याच्या जागी ट्रक टाकला. आग मात्र राहू दिली. त्यामुळे पेटलेल्या ट्रकमधून हसत बाहेर येणारा उमेदवार असं काहीतरी ते दिसायला लागलं.

चिन्हाचं तर विचारूच नका. श्रीपतीभाऊंना शिट्टी हवी होती. अपक्षांच्या चिन्हांत शिट्टी होती, आणि ज्याने उभा जन्म शिट्टी वाजवली त्याला ती मिळावी हा सरळ न्याय झाला. पण ती गेली सुधीर नावाच्या एका शिकवणीवाल्याला, जो अर्ज भरून सासुरवाडीला विजयवाड्याला निघून गेला होता. श्रीपतीभाऊंच्या वाट्याला आली शिमला मिर्ची. भागूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं माय! ती भाजी तर आमच्या घरात कुत्रं खात न्हाई!"

प्रचाराला मी आणि भागूबाई बरोबर जायचो. दार उघडलं की श्रीपतीभाऊ टाचा जुळवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मतदान अवश्य करा. ओळखपत्र जवळ ठेवा. रांगेत शांत उभे राहा. जय हिंद, जय भीम." की झाले मागे वळून चालते. विकी मागून ओरडायचा, "अरे पप्पा, किसकू डालना वो तो बोलो!" तर म्हणायचे, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, आपण सांगणं बरं दिसत नाही. घरातले लोक दारात शिमला मिर्चीचा कागद धरून आमच्याकडे बघत राहायचे. भाजीवाले असावेत असाच बऱ्याच जणांचा समज झाला असणार.

आणि मग त्यांची मिरवणूक. मिरवणूक म्हणजे दोन रिक्षा, एक ढोल, गल्लीतली माणसं आणि विकीने भाड्याने आणलेली उघडी जीप. चौकात पोचलो तर समोरून एकनाथरावांची मिरवणूक. एकनाथराव सिमेंटचे व्यापारी, मोठ्या पक्षाचे उमेदवार, गाड्यांची ही रांग. दोन्ही ढोल समोरासमोर, मागून सिटी बस, बाजूने भाजीच्या गाड्या, पार तिढा पडला. आमची माणसं घोषणा द्यायला लागली, त्यांची बाह्या सरसावायला लागली. आणि श्रीपतीभाऊ जीपमधून उतरले. गळ्यात हार होता तसाच ठेवून त्यांनी खिशातून शिट्टी काढली, चौकाच्या मधोमध उभे राहिले आणि अशी काही फुंकली की ढोलसुद्धा थांबले. डावा हात आडवा करून आमची मिरवणूक अडवली. उजव्या हाताने एकनाथरावांची सगळी वरात, बस, भाजीच्या गाड्या, सगळं काढून दिलं. एकनाथरावांच्या गाडीवर झेंडा होता, तर तिला कडक सलामही ठोकला!

एकनाथरावांनी आपल्या गाडीतून हात जोडले. "श्रीपतराव, असे विरोधक देव सगळ्यांना देवो!"

विकी रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला. कारण लोक टाळ्या वाजवत होते आणि "शिट्टी! शिट्टी!" म्हणून ओरडत होते, आणि शिट्टी हे चिन्ह तिकडे विजयवाड्यात सासूच्या हातचं जेवत होतं. त्यानंतर शिट्टीला हात लावायची श्रीपतीभाऊंना बंदी केली. पण सवय कुठे जाते? प्रचार संपेपर्यंत ते चौकाचौकात दुसऱ्याचं चिन्ह जीव तोडून वाजवत फिरले.

एका संध्याकाळी ते पाय शेकत बसले असताना मी विचारलं, "श्रीपतीभाऊ, चुकून निवडून आलात तर?"

ते दचकलेच. "तसं नका बोलू, ताई. मला त्या दिवशी फक्त बोट रंगवून, टायमावर घरी जेवायला बसायचंय."

मतदानाचा दिवस उजाडला. भागूबाई पांढरी साडी नेसून रांगेत पहिल्या उभ्या होत्या. बोट रंगवून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरून म्हणाल्या, "आज जर तुमी पातेल्याला हात लावला, तर बघा मग."

"आज नाही लावत," श्रीपतीभाऊ म्हणाले. त्यांनीही पांढरा सदरा घातला होता. चेहरा असा फुललेला, की मुंजीतल्या मुलानेही एवढं मिरवू नये.

मी त्यांची प्रतिनिधी म्हणून आत बाकावर बसले होते. कोण मतदार येतो ते बघायचं, फोन वापरायचा नाही, उगाच बाहेर-आत करायचं नाही. खिडकीतून शाळेचं अंगण आणि फाटक दिसत होतं. म्हटलं, आता येतील, पहिल्या तासातच मत देऊन मोकळे होतील. श्रीपतीभाऊ रांगेत उभेही राहिले. तेवढ्यात बाहेर आमचेच लोक शिमला मिर्चीचा मोठा पुठ्ठा घेऊन फाटकाशी आले. हे रांग सोडून धावले. "हद्दीच्या आत प्रचार नाही! मागे व्हा! चला, मागे!" स्वतःच्याच माणसांना पार पानटपरीपर्यंत पिटाळून आले. तोवर त्यांची जागा गेली.

पुन्हा रांगेच्या शेवटी लागले. दाराजवळ पोचतात न पोचतात, तर एक म्हातारी उन्हात बसकण मारून बसलेली दिसली. तिला खुर्चीसकट उचलून आत आणलं. मला बरं वाटलं, चला, आत तर आले. तर तिला सोडून बाहेर! "तुम्ही पण द्या ना आता," मी बाकावरून जवळजवळ किंचाळले. अधिकारीबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

"आधी पब्लिक होऊ द्या, ताई," असं म्हणून ते गेलेसुद्धा. दुपारी रस्त्यावर गाड्या अडकल्या, तिथे शिट्टी ऐकू आली. मग कोणाचं ओळखपत्र हरवलं. मग दोन शेजाऱ्यांची रांगेतल्या जागेवरून जुंपली. खिडकीतून मला त्यांचा पांढरा सदरा तेवढा इकडून तिकडे पळताना दिसायचा. मी बसल्या बसल्या त्यांना मनात एवढ्या शिव्या दिल्या की माझ्या विद्यार्थ्यांना तेवढे शब्द मी शिकवलेही नसतील. चाळीसेक वर्षं ज्या एका दिवसाची वाट बघितली, तो दिवस हा माणूस दुसऱ्यांच्या रांगा लावण्यात घालवत होता! हुकूम कोणाचाच नव्हता. तरी हा ड्युटीवर.

आपल्या हैदराबादचा मतदार सुट्टीची झोप पुरी करून, चहा पिऊन मग निघतो. पाचनंतर अंगण भरलं. सहाला दार बंद होणार होतं. अधिकारीबाई, गीता मॅडम, कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या, घड्याळाकडे बघायला लागल्या. मी त्यांना विनवलं, "मॅडम, ते बाहेर पांढरा सदरा घातलेले आहेत ना, त्यांना हाक मारा हो. उमेदवार आहेत. त्यांचं मत राहिलंय."

"मी कशी हाक मारणार? ज्याचं त्यानं यायचं," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. पण मला त्यांचा राग आला तो आला.

सहा वाजले. नियम असा आहे, की वेळ संपताना जेवढे रांगेत उभे असतील तेवढ्यांना मत द्यायला मिळतं. त्यासाठी चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. तोवर रांगेच्या शेपटाशी एक पोलीस उभा करतात. त्या दिवशी तिथे सत्यवती नावाची एक नवी पोरगी होती, भरती होऊन फार तर वर्ष झालं असेल. ती फाटक लावायला धावली आणि शेपूट मोकळं राहिलं. ते श्रीपतीभाऊंना बघवलं नाही. ते जाऊन रांगेच्या अगदी मागे, शेवटच्या माणसाच्या पाठीला पाठ लावून, ताठ उभे राहिले. दोन्ही हात बाजूला पसरलेले. डोंगरातली शेवटची गाडीच ती!

आणि तेवढ्यात अर्धवट लागलेल्या फाटकातून घामाघूम विकी आत घुसला. दिवसभर बापाचा प्रचार करता करता पोराचं स्वतःचं मत राहिलं होतं. धावत येऊन तो बापाच्या मागे उभा राहायला गेला, तर बापाने हात आडवा केला.

"टाइम संपला."

"पप्पा, मी आहे! विकी! तुम्हालाच मत द्यायला आलोय!"

"सहा वाजले. मागे हो."

"अरे यार पप्पा, एक मिनिट तो हुआ! सोडा नं, लाइट घ्या!"

"मागे हो म्हटलं ना, बाबा. पुढच्या वेळी लवकर यायचं." आवाज एकदम पोलिसाचा, गोड आणि न हलणारा.

अंगणभर हशा पिकला. गीता मॅडम चिठ्ठ्या घेऊन रांगेच्या टोकाला गेल्या होत्या. मी खिडकीच्या गजांना नाक लावून बघत होते. त्यांनी पहिली चिठ्ठी काढली आणि श्रीपतीभाऊंच्या पसरलेल्या हातात ठेवली.

"मी रांगेत नाही, मॅडम. मी इथं ड्युटीवर आहे."

"कोणाच्या ड्युटीवर?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तर उमेदवार ना?"

श्रीपतीभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं. उत्तर द्यायला कोणी वरिष्ठ दिसेना. सत्यवती फाटकाला कुलूप घालून आली होती, ती म्हणाली, "सार, लाईन के आखिर में आपिच थे. मैं देखी ना!"

त्यांनी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग हळूच पसरलेले हात खाली घेतले, वळले, आणि पुढच्या माणसाच्या मागे रांगेत उभे राहिले. मी आत बाकावर टाळ्या वाजवल्या. एकनाथरावांच्या प्रतिनिधीनेही वाजवल्या. आतल्या कर्मचाऱ्यांनी आम्हा दोघांनाही दम दिला.

रांग सरकत सरकत, सगळ्यांच्या शेवटी ते आत आले. नाव पुकारलं गेलं, "हणमंते श्रीपती." त्यांनी बोट पुढे केलं. शाईवालीने काडी टेकवली तसं त्यांनी बोट आणखी पुढे सरकवलं आणि शाई नखावरून पार पेरापर्यंत आली. आडोशामागे ते बराच वेळ होते. मग मतपत्रिकेची घडी घालून बाहेर आले, पेटीत टाकली, दोन पावलं मागे सरकले आणि त्या पत्र्याच्या पेटीला त्यांनी सलाम ठोकला. अर्धवट नाही, फौजेतला, पुरा. कोणीच हसलं नाही.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. एकनाथराव निवडून आले. दुसरा नंबर शिट्टीचा आला! सुधीर विजयवाड्याहून मिठाई घेऊन थेट श्रीपतीभाऊंच्या पाया पडायला आला. शिमला मिर्चीला शंभराच्या आसपास मतं पडली, त्यातलं एक माझं, एक भागूबाईंचं. आमच्या विकासरावांचं नक्की कुठे गेलं ते मी अजून शोधते आहे.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी आम्हीही खालीच जेवायला होतो. भागूबाईंनी चटया अंथरल्या, आणि जेवणाआधी बाबांच्या कायद्याप्रमाणे सगळ्यांनी बोटं पुढे केली. भागूबाईंचं, माझं, विकासरावांचं. श्रीपतीभाऊंनी आपलं बोट सगळ्यात शेवटी, हळूच, आमच्या बोटांशेजारी आणून ठेवलं. पेरापर्यंत काळंभोर. भागूबाईंनी ते धरलं, उलटसुलट करून पाहिलं, अगदी बाबा बघायचे तसं.

"बसा," त्या म्हणाल्या.

ते बसले आणि लगेच उठायला लागले, सवयीने, पातेल्याकडे. भागूबाईंनी सदऱ्याचं टोक ओढून त्यांना खाली बसवलं. मग सगळ्यांचे डोळे विकीकडे गेले. बिचारा दाराला टेकून उभा होता. बोट कोरं करकरीत.

"नक्को यार! मी दिवसभर तुमच्यासाठीच पळत होतो नं! आणि मला अडवलं कोणी? पप्पांनीच नं?"

"कायदा म्हंजी कायदा," भागूबाई म्हणाल्या. "वाढ."

विकीने वाढलं. भात अर्धा ताटात, अर्धा चटईवर. प्रचारातून उरलेल्या शिमला मिर्च्यांची भागूबाईंनी भाजी केली होती, टाकून कशाला द्यायच्या म्हणून. श्रीपतीभाऊ ताटासमोर हात जोडल्यासारखे बसून राहिले होते. त्यांच्या डाव्या बाजूची चटई रिकामी होती, तिथे कोणी बसलंच नव्हतं. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कुनाला टाकलं वो?" भागूबाईंनी विषय बदलायला विचारलं.

"मत गुप्त असतं," श्रीपतीभाऊ म्हणाले आणि पहिला घास घेतला. घास घेता घेता त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं. शाईच्या बोटाने पुसत म्हणाले, "भाजी लई तिखट झालीय."

शिमला मिर्ची तिखट नसते. पण आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं, फारच तिखट झालीय. आणि त्यांनी विकीपुढे ताट करून ती पुन्हा मागून घेतली.